कार्यालयीन वेब-नियंत्रण (बेळगाव सीमाभाग)

कामाच्या संगणकावर कोणती संकेतस्थळे उघडावीत, काय उतरवून घेता यावे आणि कशाला मज्जाव असावा, हे संस्थेने किंवा मालकाने ठरवून अमलात आणण्याची पद्धत. कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेत भटकू नये, हा तिचा जुना हेतू. आता खरी भीती आहे ती पासवर्ड चोरणाऱ्या आणि फायलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामांची. बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी या पट्ट्यात सहकारी बँका, पतपुरवठा सोसायट्या, उद्यमबाग-मच्छे भागातल्या फाउंड्री व मशीन शॉप, कर सल्लागारांची कार्यालये आणि डीटीपीची दुकाने अशा लहान कचेऱ्या पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांकडे संगणक सांभाळायला वेगळा माणूस नसतो. 'नेट लावून देणारा'च सगळे बघतो.

घातक प्रोग्राम बहुधा दार फोडून येत नाही, कोणीतरी तो स्वतःच उतरवून घेतो. इथे त्याची एक खास वाट आहे, ती म्हणजे फॉन्ट. एकाच टेबलावर मराठी लग्नपत्रिका, कन्नड अर्ज आणि इंग्रजी बिल तयार होते. सरकारी कन्नड मजकूर नुडी या फॉन्ट-संचात असतो, छपाईचा मराठी मजकूर श्रीलिपी या संचात. युनिकोडच्या (कोणत्याही संगणकावर सारख्याच दिसणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या या फायली त्यांचा फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात. गिऱ्हाईक समोर उभे असते, मग ऑपरेटर 'फ्री डाउनलोड' शोधतो आणि पानावरच्या चार हिरव्या बटणांपैकी चुकीचे दाबतो. सशुल्क सॉफ्टवेअरच्या 'क्रॅक'चेही (पैसे न भरता चालवण्यासाठी फोडलेल्या प्रतीचेही) तसेच. आधी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना त्याच्यासोबतच येते आणि ती मुकाट्याने पाळली जाते! अशा ठिकाणी जुगाराची किंवा चित्रपटांची स्थळे बंद केल्याने फारसे साधत नाही. लागणारे फॉन्ट मूळ स्रोतातून एकदा आणून सामाईक फोल्डरमध्ये ठेवणे आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे, हाच इथला पहिला प्रतिबंध म्हणायला हवा.

नियंत्रणाची सर्वांत स्वस्त पातळी डीएनएसची. संकेतस्थळाचे नाव विचारले की त्याचा अंकी पत्ता सांगणारी ही सेवा. राऊटरमध्ये क्वाड-नाइनचा ९.९.९.९ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.२ हा पत्ता भरला, तर ज्ञात घातक स्थळांचा पत्ताच मिळत नाही. दोन्ही सेवा फुकट आहेत. पण डीएनएसला फक्त स्थळाचे नाव कळते, पान दिसत नाही. त्यामुळे गूगल ड्राइव्हवर ठेवलेली वाईट फाईल त्यातून सुटते. शिवाय ब्राउझर स्वतःच सांकेतिक (एन्क्रिप्टेड) डीएनएस सेवा वापरू लागला, तर राऊटरचा पत्ता बाजूला पडतो. वरच्या पातळीवर प्रॉक्सी किंवा फायरवॉल, म्हणजे सगळी ये-जा स्वतःमधून जाऊ देणारी यंत्रणा, येते. ती फाईलचा प्रकार तपासते आणि नोंदी ठेवते. एचटीटीपीएसच्या, म्हणजे सांकेतिक करून येणाऱ्या पानांच्या, आत डोकावायचे तर मात्र प्रत्येक संगणकावर या यंत्रणेचे प्रमाणपत्र बसवावे लागते. अशा वेळी बँकेची पाने तपासणीतून वगळणे शहाणपणाचे.

सर्वांत कडक प्रकार अनुमती-यादीचा, म्हणजे यादीत असेल तेवढेच उघडेल. सीमाभागात ही यादी दुप्पट होते. बेळगावच्या कर सल्लागाराला अलीकडचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) 'भूमी'वर आणि दस्तनोंदणी 'कावेरी'वर, या कर्नाटकच्या स्थळांवर, पाहावी लागते, तर महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजच्या पक्षकाराचा सातबारा त्या राज्याच्या महाभूलेख स्थळावर. त्यावर जीएसटी आणि आयकर. यादी करणाऱ्याने एकाच राज्याचा विचार केला, तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करतो आणि सगळा बंदोबस्त बाजूला राहतो. म्हणून यादी टेबलावर काम करणाऱ्यांना विचारूनच करावी आणि नवे स्थळ त्याच दिवशी जोडून देणारा कोणीतरी नेमावा.

नागरी सहकारी बँकांना यात निवडीला फारसा वाव नाही. रिझर्व्ह बँकेच्या १९ ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकानुसार शाखेत इंटरनेट वापरायचेच असेल, तर ते ठरवून दिलेल्या स्वतंत्र संगणकांपुरते असावे आणि हे संगणक रोजच्या व्यवहाराच्या यंत्रणेपासून पूर्ण अलग असावेत. सोसायट्यांना हे परिपत्रक लागू नाही. पण पिग्मीचा हिशेब आणि व्हॉट्सॲप वेब एकाच संगणकावर चालू असते, तिथे हा नियम उसना घ्यायला हरकत नाही. एक जुना संगणक आणि वेगळी जोडणी एवढाच खर्च आहे.

वेब-नियंत्रणाने सगळेच अडत नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम पसरायला कोणी संकेतस्थळ उघडायची गरज नव्हती. विंडोजमधल्या त्रुटीतून तो एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला, आणि दुरुस्ती त्याच्या दोन महिने आधीच उपलब्ध होती. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना संगणक-सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीला सायबर हल्ल्याचा फटका बसला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे देयक-व्यवहार अडकले. तिथे शाखेतल्या यादीचा उपयोग शून्य होता. मशीन शॉपमधल्या जुन्या विंडोजच्या संगणकाला तर नेटच नको. त्याच्याकडे ड्रॉईंग तपासलेल्या पेनड्राइव्हवरून न्यावे. एका उपायाचे महत्त्व मात्र बहुतेक ठिकाणी कमी लेखले जाते. रोजचे काम ॲडमिन अधिकार (प्रोग्राम बसवण्याची मुभा) नसलेल्या खात्यातून करावे. जीएसटीच्या डिजिटल सहीसाठी लागणारा एमसाइनर हा प्रोग्राम बसवायला ॲडमिन खाते लागते, आणि ते एकदा दिले की कायमचे राहून जाते.

कोण काय पाहतो याची नोंद ठेवायची, तर ते कर्मचाऱ्यांना लेखी कळवावे. चोरून ठेवलेल्या पाळतीने विश्वास जातो. नोंदी मात्र हव्यातच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायची असते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. साध्या राऊटरमधल्या नोंदी वीज गेली की बहुधा पुसल्या जातात, म्हणून त्या दुसऱ्या संगणकावर साठवण्याची सोय करावी लागते.