तीच चाल, पण वेगळी: पालकांसाठी

आमच्या सदाशिव पेठेतल्या वर्गात मुलं पेटी आणि कीबोर्ड शिकतात. साधारण तिसऱ्या महिन्यापासून वर्गात शिकवलेली चाल ती घरी मुद्दाम वाकडी करून वाजवायला लागतात, आणि आम्हाला पालकांचे फोन सुरू होतात. म्हणून हा कागद.

मूल चुकत नसतं, व्हेरिएशन करत असतं. मूळ चाल ओळखू येईल एवढी ठेवायची आणि तिच्यातली एक गोष्ट बदलायची. एकच. दोन एकदम बदलल्या की चाल हरवते, आणि कुठे हरवली हे मुलालाही सांगता येत नाही.

सुरुवात 'ट्विंकल ट्विंकल'ने, कारण ती सगळ्यांना येते: सासा पप धध प, मम गग रेरे सा. आधी लय. प्रत्येक जोडीतला पहिला स्वर दुप्पट लांबवला, सा-सा प-प ध-ध प, की केरव्यातली (आठ मात्रांची) चाल दादऱ्यात (सहा मात्रांत) जाऊन बसते. मग स्वर: ग आणि ध कोमल करा, म्हणजे अर्धा स्वर खाली घ्या, चालीचा चेहराच उतरतो (वर्गात याला 'रडकं ट्विंकल' म्हणतात). त्यानंतर भरणं, म्हणजे 'सासा'च्या जागी 'सारेनिसा'. शेवटी मात्र सा वर परत यायचं, त्यात सूट नाही.

पोरखेळ वाटतो? ही चाल मूळची फ्रेंच. मोझार्टने 1781-82 च्या सुमारास तिच्यावर पियानोसाठी 12 व्हेरिएशन्स लिहिली. आठव्यात स्वर कोमल होतात, अकरावं संथ चालतं, बाराव्यात ठेका तीनचा होतो. आपला तबल्यातला 'कायदा' (ठरावीक बोलांची रचना) तर याहून कडक. 'धाधा तिट धाधा तूना' यातलेच बोल उलटसुलट करून पलटे बांधायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही. घरात कोणी तबला शिकलं असेल तर त्यांना हा कागद वाचायची गरज नाही.

घरी "नीट वाजव" म्हणू नका. "यात काय बदललंस?" एवढंच विचारा. सांगता आलं तर व्हेरिएशन. नाही आलं तर चूक, खुशाल टोका. सुचलेलं त्याच दिवशी वहीत सरगममध्ये उतरवायला लावा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

आणि कृपा करून स्वतः व्हेरिएशन्स रचून देऊ नका. आम्हाला लगेच कळतं, ती फार व्यवस्थित असतात.

वही दोनशे पानी, एकरेघी. पेटी आणू नये, जिना अरुंद आहे.