फील्ड टेस्टला येण्याआधी

काचबिंदूचा संशय आला की डॉक्टर डोळ्यातला दाब मोजतात, मागची नस बघतात आणि फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूच्या नजरेची तपासणी, करायला सांगतात. दाब मोजताना आणि नसेचं स्कॅन काढताना तुम्ही फक्त स्थिर बसायचं असतं. फील्ड टेस्टचा रिपोर्ट मात्र तुम्ही बटण कसं दाबता यावरच ठरतो. त्यातल्या खाचाखोचा आधी कळलेल्या बऱ्या.

एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून पांढऱ्या अर्धगोलात बघायचं. मधल्या पिवळ्या दिव्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला एका वेळी एक असे बारीक दिवे लुकलुकतात, प्रत्येक जेमतेम ०.२ सेकंद. दिसला की बटण दाबायचं. डॉक्टर बहुधा लिहून देतात त्या २४-२ पद्धतीत अशी ५४ ठिकाणं तपासली जातात. एका डोळ्याला तीन ते सात मिनिटं लागतात.

बरेच जण इथे घाबरतात: ‘मला तर काहीच दिसत नाही!’ दिसू नये अशीच ती योजना आहे. दिसलेल्या ठिकाणी यंत्र पुढचा दिवा आणखी मंद करतं, न दिसलेल्या ठिकाणी थोडा प्रखर करतं, आणि त्या जागी नजर कुठवर पोचते ते शोधतं. ठणठणीत डोळ्यालाही जवळपास निम्मे दिवे दिसत नाहीत. म्हणून अंदाजाने बटण दाबू नका. तशाने रिपोर्ट खऱ्यापेक्षा चांगला येतो आणि आजार झाकला जातो. आमच्या मते सगळ्यांत वाईट चूक हीच. दिवा नसताना दाबण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेलं, तर त्या रिपोर्टवर विसंबता येत नाही.

नजर हलली तरी यंत्राला कळतं. नस डोळ्यातून बाहेर पडते तिथे प्रत्येकाला एक अंधबिंदू असतो, मध्यापासून कानाच्या बाजूला साधारण १५ अंशांवर. यंत्र अधूनमधून तिथेच दिवा लावतं. तो तुम्हाला दिसला, म्हणजे नजर जागेवर नव्हती.

रिपोर्टवरचे काही काळे डाग आजाराचे नसतातच. वरची पापणी लोंबत असेल तर वरचा पट्टा काळा येतो. आम्ही ती चिकटपट्टीने उचलून धरतो. डोळा समोर बसवलेल्या नंबरच्या भिंगापासून लांब गेला की कडेला काळं कडं उमटतं. यंत्र सुरुवातीला चार ठिकाणं तपासतं आणि मग बाहेर सरकतं. पुढे लक्ष उडालं तर तेवढ्या चारच जागा उजळ राहतात आणि चार पाकळ्यांच्या फुलासारखं चित्र येतं. थकवा आला तर सांगा. आमच्या यंत्रावर बटण दाबून धरलं की तपासणी थांबते, सोडलं की पुढे चालू होते. पापण्या मिटायला मनाई नाही. बटण दाबतानाच मिटल्या की पुढचा दिवा चुकत नाही.

पहिला रिपोर्ट बिघडलेला आला तर? अमेरिकेत दाब जास्त पण नजर शाबूत असलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला. त्यात पहिल्यांदा सदोष आलेल्या, तरीही विश्वासार्ह वाटणाऱ्या रिपोर्टांपैकी सुमारे ८६ टक्क्यांमधला दोष फेरतपासणीत टिकला नाही. डॉक्टर पुन्हा टेस्ट सांगतात ती यासाठी. काचबिंदू नक्की झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत सहा टेस्ट कराव्यात, असा सल्ला तज्ज्ञांनी २००८ मध्ये मांडला. झपाट्याने वाढणारा आजार त्यामुळे लवकर पकडता येतो. (आमचा गल्ला भरावा म्हणून हे लिहिलेलं नाही. किती आणि कधी, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.) उलट बाजूही आहे: फील्डमध्ये डाग दिसेपर्यंत नसेचे बरेच तंतू गेलेले असू शकतात. म्हणून फील्ड चांगलं आलं तरी नसेचं स्कॅन टाळू नका.

येताना चष्मा आणि नंबरचा कागद आणा. अर्धगोल ३० सेंटिमीटरवर असल्याने चाळिशीनंतर जवळचं भिंग लावावं लागतं, आणि ते आम्ही तुमच्या नंबरावरून बसवतो. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून टेस्ट होत नाही. काचबिंदूचे थेंब रोजच्यासारखे घाला, मात्र कोणते ते सांगा: पायलोकार्पिनने बाहुली बारीक होते आणि रिपोर्ट अंधारतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील तर तेही सांगा, कारण भिंगाचा हिशोब बदलतो. जुने रिपोर्ट मूळ प्रतीत आणा. तुलना त्याच यंत्रावरच्या, त्याच पद्धतीच्या रिपोर्टांशीच करता येते.