तक्रार न करणारा डोळा

मुलाचे डोळे तपासून घेतले का, असे विचारले की बहुतेक पालकांचे उत्तर ठरलेले असते: त्याची काही तक्रारच नाही. ते टीव्हीजवळ जाऊन बसत नाही, त्याचे डोके दुखत नाही, फळ्यावरचे त्याला दिसते, मग उगाच तपासणी कशाला? या उत्तरात निष्काळजीपणा नसतो, पण नजर कमी असेल तर मूल आपणहून सांगेल, हे त्यामागचे गृहीतक मुळातच चुकीचे आहे. ज्याला पहिल्यापासून धूसरच दिसत आले आहे, त्याच्या लेखी जग धूसरच असते, कारण स्पष्ट दिसणे म्हणजे काय, याचा त्याला अनुभवच नसतो. त्यातही एक डोळा चांगला आणि दुसरा कमजोर असेल, तर तक्रारीला जागाच उरत नाही. मूल चांगल्या डोळ्याच्या भरवशावर धावते, वाचते, चित्रे रंगवते आणि दुसरा डोळा जवळजवळ निकामी आहे, हे त्याच्यासह कोणालाच कळत नाही.

या अवस्थेला वैद्यकात ॲम्ब्लिओपिया म्हणतात, बोलण्यात आळशी डोळा. शंभरातल्या साधारण दोन-तीन मुलांमध्ये ती आढळते. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असणे, तिरळेपणा, आणि जन्मजात मोतीबिंदू किंवा खाली उतरलेली पापणी यांसारखा प्रकाशाच्या वाटेतला अडथळा, ही तिची मुख्य कारणे. विशेष म्हणजे, उशिरा निदान झाल्यावर अचूक नंबरचा चष्मा लावला, तरी त्या डोळ्याला स्पष्ट दिसत नाही. पारपटल, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक भाग, स्वच्छ असते, आतले भिंग स्वच्छ असते, मागचा पडदाही निरोगी असतो. दोष तोवर मेंदूत जाऊन बसलेला असतो. नियमित तपासणीचा आग्रह का धरायचा, हे ज्याला खरोखर समजून घ्यायचे आहे, त्याने हा दोष तिथे कसा पोहोचतो ते पाहायला हवे.

डोळ्याच्या पडद्यावर उमटलेल्या प्रतिमेचे संदेश मज्जातंतूंमार्फत मेंदूतल्या थॅलॅमस या भागात येतात आणि तिथून डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या दृष्टिकेंद्रात जातात. थॅलॅमसपर्यंत उजव्या आणि डाव्या डोळ्याचे संदेश वेगवेगळ्या थरांत राहतात. दृष्टिकेंद्रात मात्र ते प्रथमच एकत्र येतात आणि तिथल्या असंख्य चेतापेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देऊ लागतात. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी मांजरीच्या नवजात पिल्लांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली आणि नंतर ती उघडून दृष्टिकेंद्रातल्या पेशींचे विद्युत्-संदेश नोंदवले. हे प्रयोग आज वाचताना मन अस्वस्थ होते, परंतु लाखो मुलांच्या उपचारांची दिशा त्यांनीच ठरवली, हेही तितकेच खरे. बंद ठेवलेला डोळा निरोगी होता, तरीही त्याला प्रतिसाद देणारी पेशी दृष्टिकेंद्रात क्वचितच सापडत होती. जवळजवळ सगळ्या पेशी उघड्या राहिलेल्या डोळ्याच्या झाल्या होत्या. पिल्लू सुमारे चार-पाच आठवड्यांचे असताना तर अवघे तीन-चार दिवस डोळा बंद ठेवणेही पुरेसे ठरले. उलट, पूर्ण वाढलेल्या मांजराचा डोळा वर्षाहून अधिक काळ बंद ठेवला, तरी काहीच बिघडले नाही.

माझ्या मते या संशोधनातला सर्वांत सुंदर भाग यापुढचा आहे. केवळ वापर न झाल्यामुळे पेशी तुटत असतील, तर दोन्ही डोळे बंद ठेवल्यावर दुप्पट नुकसान व्हायला हवे होते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. पेशींचे काम सदोष झाले, परंतु त्यांपैकी बऱ्याच पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देतच राहिल्या. म्हणजे प्रश्न नुसत्या वापराचा नव्हता, तो दोन डोळ्यांमधल्या स्पर्धेचा होता. एका शेतकऱ्याची जमीन पडीक राहिली की शेजारी बांध कोरत पुढे सरकतो, तसेच सबळ डोळ्याचे तंतू दुबळ्या डोळ्याच्या क्षेत्रात पसरतात. पुढे माकडांच्या एका डोळ्यात किरणोत्सारी अमिनो आम्ल सोडून दृष्टिकेंद्रातले दोन डोळ्यांचे पट्टे प्रत्यक्ष दृश्यमान करण्यात आले, तेव्हा उघड्या डोळ्याचे पट्टे रुंदावलेले आणि बंद डोळ्याचे आक्रसलेले दिसले. या कामासाठी १९८१ सालच्या वैद्यकातील नोबेल पारितोषिकात दोघांना वाटा मिळाला.

ही स्पर्धा ठरावीक वयापर्यंतच का चालते, याचे उत्तर अलीकडच्या काही दशकांत आकाराला आले आहे. दृष्टिकेंद्रातल्या पार्व्हअल्ब्युमिन नावाचे प्रथिन बाळगणाऱ्या, गाबा या रसायनाद्वारे इतर पेशींना आवर घालणाऱ्या चेतापेशी परिपक्व होऊ लागल्या की हा संवेदनशील काळ सुरू होतो. कालांतराने याच पेशींभोवती शर्करायुक्त प्रथिनांची घट्ट जाळी विणली जाते, आणि जोडण्यांची फेररचना अवघड होते. प्रौढ उंदरांमध्ये ही जाळी विकराने (एन्झाइमने) विरघळवल्यावर जोडण्या पुन्हा बदलू लागल्याचे २००२ साली दिसून आले. माणसासाठी असा उपचार अजून हाती नाही. मुलांमध्ये हा काळ पहिल्या काही वर्षांत सर्वांत प्रखर असतो. सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाल्यास गुण चांगला येतो; त्यानंतरही, विशेषतः पूर्वी कधीच उपचार न झालेल्या मुलांमध्ये, किशोरवयापर्यंत काही सुधारणा होऊ शकते, त्यामुळे उशीर झाला म्हणून आशा सोडू नये.

आता तपासणीकडे येऊ. मुलाला अक्षरे वाचता येत नाहीत, मग नंबर कसा काढणार, ही शंका अनेकांना असते. नेत्रतज्ज्ञ रेटिनोस्कोपने बाहुलीत प्रकाशाची तिरीप टाकून ती हलवतात आणि आतून परतणारी लालसर चमक तिरिपीच्या दिशेने सरकते की विरुद्ध दिशेने, हे पाहतात. ती चमक स्थिर होईपर्यंत डोळ्यासमोर निरनिराळी भिंगे धरली की नंबर मिळतो. यात मुलाने एक शब्दही बोलावा लागत नाही, त्यामुळे काही महिन्यांच्या बाळाचाही नंबर काढता येतो. मात्र त्याआधी थेंब घालून डोळ्याचा स्नायू सैल करावा लागतो. मुलांचे भिंग इतके लवचीक असते, की ते फुगवून मूल मोठा धन (प्लस) नंबरही लपवू शकते. थेंब न घालता केवळ यंत्रावर काढलेला मुलाचा नंबर म्हणूनच फसवा असू शकतो.

मूल मोठे झाल्यावर तक्त्यावरची तपासणी सोपी वाटते, पण तीही काळजीपूर्वक करावी लागते. तळव्याने डोळा झाकायला सांगितले की मूल बोटांच्या फटीतून पाहते, मान किंचित वळवते, किंवा आधीच्या डोळ्याने वाचलेली ओळ पाठ म्हणते. ही लबाडी नसते, त्याला बरोबर उत्तर द्यायचे असते. म्हणून चांगला डोळा चिकटपट्टीने पूर्ण झाकतात. शिवाय आळशी डोळा सुटे अक्षर बऱ्यापैकी वाचतो आणि तेच अक्षर ओळीत, इतर अक्षरांच्या गर्दीत आले की अडखळतो, त्यामुळे एकेक अक्षर दाखवून केलेली तपासणी अपुरी ठरते.

वेळापत्रक अवघड नाही. जन्मानंतर लगेच बाहुलीतली लाल चमक पाहिली जावी; ती पांढरी दिसली तर मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग असू शकतो आणि एक आठवडाही दवडू नये. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांचा पडदा पहिल्या महिन्यातच तपासावा लागतो. त्यानंतर वर्षाच्या आत एकदा, तीन ते चार वर्षांच्या दरम्यान एकदा, शाळेत जाण्यापूर्वी एकदा, आणि पुढे दर एक-दोन वर्षांनी. एकदा सर्व ठीक निघाले म्हणून थांबता येत नाही, कारण डोळा वाढत असतो. जन्मतः त्याची पुढून मागपर्यंतची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते, प्रौढपणी सुमारे २४, आणि वाढीतला एका मिलिमीटरचा अतिरेक मोठ्या वयात साधारण अडीच ते तीन नंबरांचा फरक करतो.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा सुटतो, तिरळेपणा शुभ असतो किंवा वयानुसार आपोआप जातो, या समजुतींनी मुलांची मोलाची वर्षे वाया जातात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून भरकटणे स्वाभाविक आहे. चार महिन्यांनंतरही तसे दिसत असेल, तर थांबणे धोक्याचे आहे. निळा प्रकाश अडवणारे महागडे चष्मे मुलांच्या माथी मारणाऱ्या जाहिरातींबद्दलही मला हेच म्हणायचे आहे: तो खर्च एका नीट तपासणीवर व्हावा.

उपचार मात्र साधे आहेत. आधी योग्य चष्मा; अनेक मुलांमध्ये तेवढ्यानेच सुधारणा सुरू होते. मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे स्पर्धेत दुबळ्या बाजूला सवड. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी १७४३ सालीच तिरळ्या डोळ्यासाठी हा मार्ग सुचवला होता. पूर्वी मुलांना दिवसभर पट्टी लावत. २००३ सालच्या चाचण्यांनी दाखवले की, मध्यम दोषात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकाच गुण देते. पट्टीला विरोध करणाऱ्या मुलांसाठी चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून तो तात्पुरता धूसर करण्याचा पर्यायही असतो. नजर सुधारल्यावर पट्टी एकाएकी बंद न करता तिचे तास हळूहळू कमी करावेत, कारण उपचार थांबवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांमध्ये दोष काही प्रमाणात परततो, आणि तो परतला आहे हेही मूल सांगत नाही. ते पुढच्या तपासणीतच कळते.