पुढच्या सस्पेन्शनचे आवाज (फियाट ११०० ते प्रीमियर पद्मिनी)

जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांकडून येणारी खडखड, कुरकुर, टकटक ऐकून आणि मग हाताने हलवून बघून नेमका कुठला पार्ट झिजलाय, सुटलाय की नुसता कोरडा पडलाय हे ठरवायची पद्धत. ही नोंद फियाट ११०० आणि तिच्यावरून कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या गाड्यांपुरतीच आहे. अँबेसिडरला पुढे कॉइल स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार असतो, त्यामुळे तिचं दुखणं वेगळं, ते इथे घेतलेलं नाही.

रचना थोडक्यात अशी. पुढच्या प्रत्येक चाकाला एक वरचा आर्म, एक खालचा आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारे हलते दांडे), मध्ये कॉइल स्प्रिंग, जोडीला टेलिस्कोपिक शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर), दोन्ही बाजूंना जोडणारा, वळणावर गाडी कलू न देणारा अँटीरोल बार, आणि चाक डावं उजवं वळतं ते किंगपिन नावाच्या उभ्या पिनेवर. मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). जिथे जिथे सांधा आहे तिथे रबरी बुश (सांध्यात बसवलेली नळी) तरी असतं नाहीतर ग्रीस लागणारी पिन, म्हंजे आवाज करायच्या जागाच मुळात ठरलेल्या आहेत, फक्त आपल्याला त्या एकेक करून वगळायच्या असतात.

ही मांडणी कुठून आली ह्याबद्दल जुन्या संदर्भांत एकवाक्यता नाही. बऱ्याच अमेरिकन लिखाणात दोन आर्मच्या स्वतंत्र सस्पेन्शनचं श्रेय १९३५ च्या पॅकार्ड वन ट्वेंटीला दिलेलं असतं, पण जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकला १९३४ सालच्या मॉडेलवरच दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग आलं होतं (त्यामागे मॉरिस ऑली ह्या इंजिनियरचं काम होतं), आणि त्याच्याही आधी, १९३३ मध्ये, मर्सिडीज ३८० तशी आली होती. तारखा बघता मर्सिडीजची बाजू जड वाटते. नुसतं 'स्वतंत्र' एवढंच धरलं तर मात्र अजून मागे जावं लागतं, लॅन्चिया लॅम्डा १९२२ ची, आणि मॉर्गनच्या तीनचाकीला तर त्याच्याही आधीपासून सरकत्या खांबाचं सस्पेन्शन होतं. फियाटने स्वतः आधी वेगळाच रस्ता धरला होता. १९३७ च्या ५०८ सी ला, जिच्यातून पुढे ११०० हे नाव रूढ झालं, द्युबोने पद्धतीचं सस्पेन्शन होतं, त्यात स्प्रिंग तेलाने भरलेल्या डब्यात बंद असायची आणि तेल गळलं की आतल्या आत कोरडं घासणं सुरू. १९५३ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये ११००/१०३ आली, दान्ते जाकोसाच्या हाताखाली तयार झालेली, आणि तिच्यात दोन आर्म आणि कॉइल आले. आपल्याकडे पोचली ती ही गाडी.

ह्याच ११००/१०३ चा दुसरा बदल आवाजाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. हिला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडी हीच चासी. त्यामुळे खालच्या आर्मचा आवाज पत्र्यातून फिरत फिरत डॅशबोर्डखाली येतो आणि डावीकडचं बुश गेलेलं असताना ड्रायव्हर शपथेवर सांगतो की उजवीकडून येतंय. दिशेच्या बाबतीत कानावर विश्वास ठेवू नये. आवाजाच्या जातीच्या बाबतीत ठेवावा.

भारतातली सालं देताना जरा जपूनच लिहावं लागतं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी, तिथे ११०० ची जुळणी साधारण १९५४ पासून, १९६४ च्या आसपास '११०० डिलाइट', १९७२ च्या सुमारास 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी'. पद्मिनी नावाचं साल कुठे १९७३ तर कुठे १९७४ असं छापलेलं सापडतं, इथे १९७४ धरलंय. उत्पादन थांबल्याचं सालही २००० की २००१ असं दोन्ही मिळतं. नावं बदलली, ग्रिल बदलली, पण पुढच्या सस्पेन्शनची मूळ मांडणी तीच राहिली, त्यामुळे निदानाला मॉडेलचं साल फारसं लागत नाही.

आता आवाजाची जात. मराठीत ह्यासाठी शब्दांची चैन आहे आणि ती वापरावी, मेकॅनिकला नुसतं 'आवाज येतो' सांगून काही होत नाही. स्पीडब्रेकरवरून हळू जाताना कुरकुर झाली तर रबर कोरडं किंवा पिनला ग्रीस नाही. बारीक खडबडीत रस्त्यावर सतत टकटक झाली तर शॉकअपच्या टोकाचं रबर नाहीतर अँटीरोल बारची बुशं. ब्रेक दाबताना एकदाच 'खट' आणि सोडताना परत 'खट', हा बहुधा खालच्या आर्मचा बुश खाल्ल्याचा किंवा बोल्ट सैल झाल्याचा. खड्ड्यात 'धाड्' असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला तर बंप स्टॉपचं, म्हंजे आर्म वर आपटू नये म्हणून लावलेलं, रबर गेलंय किंवा स्प्रिंग बसलीय, गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंची उंची मोजली की कळतं. वेगाबरोबर वाढणारी घरघर बेरिंगची, आणि डावीकडे वळताना ती वाढली तर उजवं चाक बघायचं कारण वजन तिकडे जातं. पहिल्या पावसात कुरकुर आपोआप गायब झाली आणि ऊन पडल्यावर परत आली तर खात्रीने रबर, पाण्याने तात्पुरतं वंगण मिळतं म्हणून. हीच युक्ती मुद्दाम करता येते, एका वेळी एकाच बुशवर साबणाचं पाणी मारायचं, बॉनेटचा कोपरा दाबून गाडी हलवायची, आवाज थांबला की बुश सापडलं. पाणीच मारावं. गॅरेजमध्ये गाडीखालून डिझेल मारायची जी सवय आहे तिने आवाज आठवडाभर थांबतो खरा, पण साधं रबर तेलाने फुगतं, मऊ पडतं आणि मग बुश बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

सगळ्यात जास्त घोळ किंगपिनचा होतो. पद्धत सगळ्यांना माहीत असते, चाक जॅकवर उचलायचं, खाली स्टँड लावायचा, टायर वर आणि खाली धरून म्हंजे घड्याळाच्या १२ आणि ६ ला हात ठेवून हलवायचा. प्ले (ढिलाई) जाणवला की 'किंगपिन गेली' असा निकाल लागतो. इथे अर्धी तपासणी राहून जाते. दुसऱ्या माणसाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि परत हलवायचं. ब्रेक दाबल्यावर चाकाबरोबर फिरणारा ड्रम मागच्या स्थिर ब्रेकप्लेटला पकडला जातो, ब्रेकप्लेट नकलला (किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागाला) पक्की असते, म्हंजे मधला बेरिंगचा सांधा गोठला, आता प्ले नाहीसा झाला तर दोष हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बेरिंगचा आणि तसाच राहिला तरच किंगपिनचा किंवा आर्मच्या बाहेरच्या टोकाचा. बेरिंग अ‍ॅडजस्ट करणं थोड्या वेळाचं काम आहे (फार आवळायचं नाही, हब तापतो), आणि किंगपिन म्हंजे जुनी पिन ठोकून काढणं, नवीन बुश बसवणं, रीमर मारून भोक मापाचं करणं, शिम (पातळ चकत्या) लावणं, त्यात एक दिवस गेला. ज्यांचा धंदा आहे ते ब्रेकची तपासणी विसरतात की टाळतात ह्यावर इथे मत देत नाही, पण प्रस्तुत लेखकाने एकदा दोन्ही किंगपिन बदलून घेतल्या होत्या आणि घरी येताना तीच टकटक ऐकत आला होता.

३ आणि ९ ला हात ठेवून प्ले आला तर स्टेअरिंगच्या दांड्यांचे सांधे, म्हंजे टायरॉड एंड किंवा आयडलर, बघायचे. ह्यासाठी चाकं जमिनीवरच बरी, एकाने इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग थोडं थोडं डावं उजवं करायचं आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवून बसायचं, डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला लगेच लागते. सांध्याभोवती लालसर तपकिरी पूड दिसली तर तिथे लोखंड लोखंडावर घासतंय.

ग्रीसिंगबद्दल एकच गोष्ट, बाकी सगळ्यांना येतं. चाक लोंबकळत ठेवून ग्रीस मारावं. गाडी जमिनीवर असताना किंगपिनचा भार घेणारी वॉशरची बाजू दाबलेली असते आणि ग्रीस तिथे शिरतच नाही, निपलातून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ते गेलेलं दिसतं आणि आपण खूश होतो. जुनं काळं ग्रीस पूर्ण बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारायचं.

नवीन बुश महिन्याभरात फाटतात अशी तक्रार नेहमी असते आणि दोष रबराच्या दर्जाला दिला जातो. दर्जा वाईट असूही शकतो, पण बऱ्याचदा कारण आवळण्यात असतं. ज्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय, अशा वेळी बोल्ट पूर्ण आवळला तर ती स्थिती रबराची 'सरळ' स्थिती होते, आणि गाडी खाली आली की बुश कायमचं पिळलेलं. म्हणून बोल्ट हलकेच लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोनचारदा दाबून बसू द्यायची आणि मगच शेवटचा आवळा द्यायचा. हल्ली लोक पॉलियुरेथेनची बुशं टाकतात, ती टिकतात पण सिलिकॉन ग्रीस न लावता बसवली तर रबरापेक्षा जास्त करकरतात, आणि जुन्या गाडीचा मऊपणा जातो तो वेगळाच. ह्या नोंदीचा कल रबराकडे आहे. आणि स्प्रिंग दाबून धरायचा कंप्रेसर नसेल तर घरी आर्म खोलायच्या भानगडीत पडू नये, दबलेली कॉइल सुटली तर हात जातो.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांकडे ह्या गाडीच्या आवाजांचं जेवढं ज्ञान होतं तेवढं कुठल्या मॅन्युअलमध्ये नसेल, पण ते फारसं लिहून ठेवलं गेलं नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ह्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या.

सस्पेन्शन खोलायच्या आधी हबकॅपमधले खडे, बॉनेटचं लॉक, सैल बॅटरी आणि सायलेन्सरचे हँगर बघून घ्यावेत. डिकीतला जॅक पट्ट्यातून सुटला असेल तर तोही हुबेहूब शॉकअपसारखा वाजतो. मागच्या पाट्यांच्या शॅकलची (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या हलत्या कडीची) बुशं गेली असली तर काचा बंद असताना तो आवाज पुढून आल्यासारखा वाटतो, अशा वेळी ओळखीच्या माणसाला मागच्या सीटवर बसवून त्याच खड्ड्यावरून परत जावं.