सैनिकांचा प्रश्न संसदेपुढे कसा न्यायचा: याचिका, निवेदन आणि लागणारे कागद

१९ डिसेंबर २०११ रोजी राज्यसभेच्या याचिका समितीने आपला १४२वा अहवाल मांडला. विषय होता वन रँक वन पेन्शन. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे २०१९ ते २०२३ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. संरक्षण मंत्रालयाने समितीला प्रशासकीय, कायदेशीर आणि आर्थिक अशा तिन्ही प्रकारच्या अडचणी सांगितल्या होत्या. त्या पटत नाहीत, असं समितीने स्वच्छ लिहिलं. एकाच हुद्द्यावरून, सारखीच वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची तारीख कुठलीही असली तरी सारखंच पेन्शन मिळावं, ही व्याख्या नोंदवून योजना लागू करण्याची शिफारस केली.

सरकारी आदेश निघाला ७ नोव्हेंबर २०१५ ला, लाभ १ जुलै २०१४ पासून. मधल्या काळात माजी सैनिक जंतरमंतरवर बसले होते, त्यामुळे सगळं श्रेय याचिकेला देता येणार नाही. पण ती व्याख्या एका संसदीय समितीच्या अहवालात आली ती याचिकेमुळे. आदेशावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०२२ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला, तरी माजी सैनिकांच्या युक्तिवादात हा अहवाल होताच.

ही वाट आजही उघडी आहे. वकील लागत नाही, फी लागत नाही. लागतं ते नीट लिहिलेलं एक पान. आमच्या सातारा-कोल्हापूर पट्ट्यात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत, आणि तरी ही वाट माहीत असलेली माणसं फार थोडी भेटतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी दार ओळखा

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या रांगेत उभे राहा. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, बँकेचं पासबुक, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड. पिशवीतल्या निम्म्या तक्रारी संसदेच्या नाहीतच. पेन्शन चुकीचं लागलं, पीपीओत पत्नीचं नाव चुकलं, थकबाकी आली नाही, या एका माणसाच्या गोष्टी आहेत. त्यांच्यासाठी संरक्षण पेन्शनचं स्पर्श पोर्टल आहे, केंद्र सरकारचं तक्रार निवारण पोर्टल आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. हक्क नाकारला असेल तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

हे आधी सांगतो, कारण इथेच अर्ज बाद होतात. लोकसभेच्या नियम १६० नुसार याचिका तीन गोष्टींवर करता येते: प्रसिद्ध झालेलं किंवा मांडलेलं विधेयक, सभागृहापुढे प्रलंबित असलेलं कामकाज, आणि सार्वजनिक हिताचा प्रश्न. तिसऱ्याला अटी आहेत. विषय न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या कक्षेतला नको, राज्याच्या विधिमंडळात मांडण्यासारखा नको, आणि ज्यावर कायद्यात किंवा नियमांत आधीच उपाय आहे असाही नको. म्हणजे ‘माझं अपंगत्व पेन्शन नाकारलं’ हा न्यायाधिकरणाचा विषय झाला. ‘अमुक प्रकारच्या आजारांना अपंगत्व पेन्शनचे निकष बदलावेत’ हा धोरणाचा. दुखणं एकच, दार वेगळं.

सेवेत असलेल्यांनी मात्र थांबावं. जवान आणि जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) यांच्यासाठी लष्कर कायद्याचं कलम २६ आणि अधिकाऱ्यांसाठी कलम २७ ही तक्रारीची वाट ठरलेली आहे, आणि सेवेतल्या माणसावर बोलण्या-लिहिण्याची बंधनं असतात. त्यांच्या वतीने धोरणाचा प्रश्न माजी सैनिकांनी, वीरनारींनी (शहीद जवानांच्या पत्नींनी), नाहीतर गावातल्या साध्या नागरिकाने मांडावा. याचिका करणारा माजी सैनिकच हवा, अशी अट नियमांत कुठेही नाही. शिक्षणाचीही नाही. सही येत नसेल तर अंगठा चालतो.

याचिका कशी लिहायची

लोकसभेची किंवा राज्यसभेची, कुठलीही निवडा. दोन्हीकडचे नियम बरेचसे सारखे आहेत. राज्यसभेच्या याचिका समितीत १० सदस्य असतात, लोकसभेच्या समितीत किमान १५. मंत्री यांत नसतात.

याचिका सभागृहाला उद्देशून लिहायची, मंत्र्याला नाही. भाषा सभ्य आणि संयमी हवी, हा नियमच आहे. हिंदी किंवा इंग्रजीत लिहावी. मराठीत लिहिली तरी चालते, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि भाषांतरावरही तुमची सही लागते. माझं मत विचाराल तर आधी मराठीतच लिहा. मनातलं नेमकं उतरतं ते आपल्याच भाषेत, भाषांतर नंतर शाळेतल्या गुरुजींकडून करून घेता येतं.

सही करणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा. इथे एक बारकावा आहे. दोनशे सह्या गोळा करताना आपण कोरे कागद फिरवतो आणि नंतर टाचणी मारतो. तसं करू नका. मूळ मजकूर ज्या कागदावर आहे त्यावर किमान एक सही हवी, आणि सह्यांच्या पुढच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणी पुन्हा लिहिलेली हवी. कारण साधं आहे: प्रत्येकाने कशावर सही केली ते त्याच पानावर दिसलं पाहिजे.

शेवट मागणीने करायचा, आणि मागणी मोघम नको. ईसीएचएसचं उदाहरण घेऊ. बहुतेक जण असं लिहितात:

‘माझ्या पत्नीला रात्री त्रास झाला, जवळ पॉलिक्लिनिक नाही, खासगी दवाखान्यात पैसे भरावे लागले. कृपया न्याय मिळावा.’

हे खरं आहे आणि वाचताना गलबलतं, पण समितीला यात धोरण सापडत नाही. तेच असं लिहा:

‘आमच्या तालुक्यात इतके माजी सैनिक आणि इतक्या वीरनारी आहेत. जवळचं पॉलिक्लिनिक इतक्या किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळनंतर एसटी नाही. योजना २००३ पासून चालू आहे. तरी डोंगरी तालुक्यांसाठी पॉलिक्लिनिक मंजूर करताना केवळ संख्येचा निकष न लावता अंतर आणि वाहतुकीचाही विचार व्हावा, आणि तोपर्यंत फिरत्या पथकाची सोय व्हावी, अशी प्रार्थना आहे.’

पत्नीची ती रात्र दुसऱ्या मजकुरातही एका वाक्यात येऊ द्या. पण मागणी नियमाची हवी. माजी सैनिकांचा आकडा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून लेखी मागून घ्या, अंदाजाने टाकू नका. मंत्रालयाकडून अभिप्राय येतो तेव्हा पहिला घाव चुकीच्या आकड्यावर बसतो.

कागदपत्रं: जोडू नका, जवळ ठेवा

हे ऐकून सगळे चमकतात. याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं किंवा इतर कागदपत्रं जोडायची नाहीत, असं लोकसभेचा नियम १६३ सांगतो. आपल्याला सवय आहे ती साक्षांकित झेरॉक्सचा गठ्ठा लावायची. इथे जे सांगायचं ते मजकुरातच सांगावं लागतं. आदेशाचा क्रमांक आणि तारीख वाक्यात लिहा, आदेश जोडू नका. मात्र फाइल घरी तयार हवी, कारण समिती याचिकाकर्त्याला बोलावून ऐकू शकते. डिस्चार्ज बुक, पीपीओ, मंत्रालयाशी झालेला पत्रव्यवहार, माहिती अधिकारात आलेली उत्तरं, बिलं, सगळं तारखेवार लावून ठेवा.

पाठवण्याच्या वाटा दोन. एक, खासदारामार्फत. खासदार याचिकेवर प्रतिस्वाक्षरी करून ती सभागृहात सादर करतो. स्वतःचीच याचिका मात्र त्याला सादर करता येत नाही. दोन, थेट त्या सभागृहाच्या महासचिवांच्या नावे संसद भवन, नवी दिल्ली इथे. खासदार सापडत नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही.

आणि याचिकेच्या नियमांत न बसणारं साधं निवेदन? लोकसभेच्या अध्यक्षांच्या निर्देश ९५ प्रमाणे याचिका समिती अशी निवेदनंही विचारात घेते. दोन प्रकार मात्र बाजूला पडतात: ज्यावर नाव-पत्ता नाही किंवा वाचता येत नाही असं पत्र, आणि दुसऱ्याच कार्यालयाला लिहिलेल्या पत्राची ‘माहितीसाठी’ पाठवलेली प्रत. आपल्याकडे पत्राच्या तळाशी राष्ट्रपतींपासून तहसीलदारापर्यंत प्रतींची यादी लिहितात. त्या प्रतीवर समितीला उद्देशून वेगळी मागणी लिहिली नसेल, तर तिचा विचार होत नाही. टपालाचा खर्च तेवढा होतो.

संरक्षणविषयक स्थायी समिती

ही दुसरी समिती, आणि देशाच्या संरक्षण धोरणाची खरी तपासणी इथे होते. १९९३ पासून प्रत्येक मंत्रालयासाठी अशा समित्या आहेत. संरक्षणाच्या समितीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, मुदत एक वर्षाची. अर्थसंकल्पानंतर मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, ही समिती तपासते. २०२५-२६ ला संरक्षणासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये ठेवले, त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. एवढ्या पैशांवर सभागृहात पुरेसा वेळ मिळत नाही. समितीच्या बंद खोलीत सचिवांना आणि तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले जातात.

२०१८ मध्ये अशाच एका बैठकीत लष्कराच्या उपप्रमुखांनी सांगितलं की आपली ६८ टक्के सामग्री जुन्या पठडीतली आहे, २४ टक्के आजच्या काळाची आणि केवळ ८ टक्के अत्याधुनिक. ते अहवालात छापलं गेलं म्हणून देशाला कळलं. १९६२ च्या पराभवाच्या चौकशीचा पूर्ण अहवाल सभागृहापुढे आला नव्हता. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत त्याचा सारांश सांगितला, तेवढाच. त्या मानाने आजची ही सोय मला फार मोलाची वाटते. अजूनही राष्ट्राच्या सुरक्षेला बाधा येईल असा कागद देण्यास सरकार नकार देऊ शकतं, आणि रोजच्या प्रशासनात ही समिती लक्ष घालत नाही.

इथे तुम्ही याचिका करत नाही, लेखी निवेदन देता. समिती दरवर्षी विषय निवडते आणि काही विषयांवर जाहिरात देऊन लोकांची मतं मागवते. मुदत थोडी असते, त्यामुळे संसदेचं संकेतस्थळ अधूनमधून बघत राहा. निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत द्यायचं, प्रती जाहिरातीत सांगितल्या असतील तेवढ्या. इथे आधाराचे कागद जोडता येतात. प्रत्यक्ष हजर राहून बोलायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा. शेवटचा निर्णय समितीचा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. दिलेलं निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं. ते व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकलं किंवा वर्तमानपत्राला दिलं, तर विशेषाधिकारभंगाचा, म्हणजे संसदेच्या खास हक्कांचा भंग केल्याचा, प्रश्न उभा राहू शकतो. संघटनेच्या अध्यक्षांना हे आवर्जून सांगा, कारण उत्साहाच्या भरात पहिला फोटो तेच टाकतात.

पाठवल्यानंतर

सचिवालय याचिका तपासतं, मंत्रालयाचा अभिप्राय मागवतं, समिती गरज वाटल्यास दोन्ही बाजू ऐकते आणि अहवाल सभागृहात ठेवते. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. पण स्थायी समितीच्या अहवालावर तीन महिन्यांत काय केलं ते सरकारला कळवावं लागतं, आणि त्या उत्तरावर समिती पुन्हा अहवाल काढते. हे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. त्यात सरकारने न स्वीकारलेल्या शिफारशींचं प्रकरण वेगळं असतं. पुढच्या याचिकेचा मजकूर तिथेच सापडतो, म्हणून आधी ते प्रकरण उघडा.

मधल्या काळात खासदाराला प्रश्न विचारायला सांगा. किमान १५ दिवसांची पूर्वसूचना लागते, तेव्हा अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. प्रश्न दोन ओळींचा करून द्या: तालुका, योजना, वर्ष, आकडा. लेखी उत्तर आलं की ते छापून त्या तारखेवार लावलेल्या फाइलमध्ये घाला.