संस्थेचं पत्रक आणि वर्गणीवर चालणारी बातमी, दोन्ही एकच नव्हेत

पंचगंगेला फेस आला, मासे मेले की आमच्या तालमीच्या ग्रुपवर तासाभरात दोन मेसेज येतात आणि लोक न बघता दोन्ही पुढं ढकलतात. एक असतं एखाद्या संस्थेचं पत्रक, दुसरी लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या छोट्या न्यूजरूमची बातमी. नफा दोघांनाही नको, भाषा दोन्हीकडं हक्काचीच, म्हणून गल्लत होते.

संस्थेचं काम नदीची बाजू लावून धरणं. निवेदन देतील, कलेक्टर ऑफिससमोर धरणं धरतील, कोर्टात जातील. ते पाहिजेच, आणि पत्रकात समोरच्याचं म्हणणं नाही म्हणून त्यांना खोटं ठरवू नका.

बातमीदाराला मात्र तेवढ्यावर भागत नाही. तो राजाराम बंधाऱ्यावर जातो, फोटो काढतो, काठावर जनावरं धुणाऱ्या माणसाला पाणी कधीपासून काळं आहे ते विचारतो, मग माहिती अधिकाराचा अर्ज लिहून त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं त्या महिन्याच्या पाणी नमुन्यांचे रिपोर्ट मागतो. 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. कागद हातात आला की ज्याच्यावर बोट जातंय त्यालाही फोन करायचा, त्याचं म्हणणं छापायचं. आणि त्यात कारखान्याऐवजी आपल्याच गल्लीतल्या नाल्याचं सांडपाणी निघालं तर तेही छापायचं, वर्गणीदार रुसला तरी. माझ्या मते खरी कसोटी इथंच लागते.

कुणी म्हणेल, मग मूकनायक हे पाक्षिक काय होतं? 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी ते काढलं, आपल्या शाहू महाराजांनी 2,500 रुपये दिले. ते बहिष्कृतांच्या बाजूचंच होतं आणि तसं उघड सांगत होतं. बाजू असायला हरकत नाहीच, पण पत्रक बातमीचा वेश घालून आलं की वाचणारा फसतो. खेड्यापाड्यातल्या माणसांवर 2014 पासून लिहिणारी पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया ही वेबसाइट मराठीतही आहे, एकदा वाचून बघा, फरक लगेच कळतो.

वर्गणी मी दोन्हीकडं देतो, महिन्याला शंभर शंभर. फक्त न्यूजरूमला देताना आधी विचारून घेतो, बाकीचे पैसे कुणाकडून येतात त्याची यादी कुठं लावलीय?