तार्तू : विद्यापीठनगरीतील स्थळदर्शन

तार्तू हे एस्टोनियातील लोकसंख्येने दुसऱ्या क्रमांकाचे शहर आणि त्या देशातील सर्वांत जुन्या विद्यापीठाचे गाव. राजधानी टॅलिनच्या आग्नेयेस सु. १८५ किमी.वर, एमायोगी नदीच्या काठी ते वसले आहे. एमायोगी म्हणजे ‘आईनदी’. पश्चिमेकडील व्हर्त्सयार्व सरोवरातून निघून ती सु. १०० किमी. वाहते आणि रशियाच्या सीमेवरील पेइपसी सरोवराला मिळते. शहराची लोकसंख्या एका लाखाच्या आत आहे. जुन्या जर्मन ग्रंथांत याचे नाव दोर्पात असे येते, तर रशियन कागदपत्रांत युर्येव. विद्यापीठाचा जुना इतिहास वाचताना ही तिन्ही नावे एकाच गावाची आहेत हे ध्यानात ठेवावे लागते. या गावात पाहण्याजोगे जे आहे ते बहुतेक एकदा तरी जळलेले, पडलेले किंवा लुटले गेलेले आहे. त्यातले पुष्कळसे पुन्हा वापरात आले ते शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसांमुळे. तार्तू पाहायचे ते याच वाटेने.

कीव्हचा राजा यारोस्लाव्ह याने १०३० मध्ये येथील गढी जिंकल्याची नोंद हा या गावाचा पहिला लेखी उल्लेख. १२२४ मध्ये जर्मन धर्मयोद्ध्यांनी ते घेतले आणि येथे बिशपची गादी आली. हान्सा व्यापारी संघात शिरल्यावर गावाला बरकत आली. पुढे रशियन, पोलिश, स्वीडिश आणि पुन्हा रशियन अशा सत्ता बदलत गेल्या आणि प्रत्येक बदलात गाव भरडले गेले. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव्ह आडोल्फ याने १६३२ च्या जूनमध्ये न्यूरेंबर्गजवळच्या युद्धछावणीत विद्यापीठाच्या सनदेवर सही केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ल्युत्सेनच्या रणांगणावर तो पडला. त्याने स्थापलेले विद्यापीठ १७१० मध्ये युद्धात बंद पडले. १८०२ मध्ये झार पहिला अलेक्झांडर याच्या काळात ते जर्मन माध्यमातून पुन्हा सुरू झाले, शतकाच्या अखेरीस त्याच्यावर रशियन लादली गेली, आणि १ डिसेंबर १९१९ रोजी ते एस्टोनियन भाषेचे विद्यापीठ झाले. ज्या भाषेला कुणबाऊ म्हणून हिणवले जाई, तिच्यात वैद्यक आणि गणित शिकवले जाऊ लागले. मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा प्रश्न ज्यांना जिव्हाळ्याचा वाटतो, त्या मराठी वाचकाने ही तारीख मनात ठेवूनच या गावात पाऊल टाकावे.

स्थळदर्शनाची सुरुवात टाउन हॉल चौकापासून होते. १७७५ च्या आगीत गावाचा मध्यभाग बेचिराख झाला. त्यानंतर दगडविटांची नवी वस्ती उभी राहिली आणि १७८९ मध्ये गुलाबी रंगाचा टाउन हॉल पूर्ण झाला. त्याच्या पुढ्यात छत्रीखाली चुंबन घेणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनीचे कारंजे आहे. शिल्पकार माती कार्मिन यांचे हे काम १९९८ चे, पण गावाची ओळख म्हणून आज तेच चित्र सर्वत्र छापले जाते. चौकाच्या नदीकडच्या टोकाला १७९३ मध्ये बांधलेले ‘तिरके घर’ आहे. त्याची एक बाजू जुन्या तटबंदीच्या पायावर आहे, दुसरी दलदलीच्या जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर. तटाची बाजू जागच्या जागी राहिली आणि खांबांची खचली. समोर उभे राहून खिडक्यांच्या ओळीवर नजर फिरवली की कोणती बाजू बसली ते सहज कळते. घरात आता कलासंग्रहालय आहे.

चौकातून थेट नदीवर गेले की कमानीचा पादचारी पूल लागतो. याच जागी कॅथरीन दुसरी हिच्या अनुदानातून १७८४ मध्ये झालेला दगडी पूल होता. तो दुसऱ्या महायुद्धात उडवला गेला आणि १९५० च्या दशकाअखेर आताचा पूल आला. तार्तूचा खरा विद्यार्थी व्हायचे तर पुलाच्या कमानीवरून एकदा चालत जावे लागते, अशी तरुणांत रूढी आहे. पाहुण्याने मात्र खालूनच जावे. पुलाच्या दोन्ही अंगांना काठाने पसरलेली हिरवळ पाहून शहराच्या आखणीचे कौतुक वाटते, पण त्या हिरवळीचा बराच भाग युद्धात नष्ट झालेल्या पेठेवर उगवलेला आहे, हे माहीत असलेले बरे.

विद्यापीठाची मुख्य इमारत चौकाच्या मागच्या गल्लीत आहे. वास्तुकार योहान विल्हेल्म क्राउझ याने ती १८०४ ते १८०९ या काळात उभारली. दर्शनी बाजूला सहा भक्कम स्तंभ आणि त्यांच्यावर त्रिकोणी शिरोभाग, बाकी भपका नाही. आत १८०३ मध्ये स्थापन झालेले कलासंग्रहालय आहे. ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृती आणि इजिप्तमधून आणलेल्या ममी तिथे आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात विद्यापीठाचा बराच संग्रह रशियातील व्होरोनेझला हलवला गेला आणि त्यातले पुष्कळ काही परत आलेच नाही. माळ्यावर विद्यार्थ्यांची कोठडी आहे. एकोणिसाव्या शतकात विद्यापीठाला आपल्या विद्यार्थ्यांना शिक्षा करण्याचा अधिकार होता. ग्रंथालयाचे पुस्तक वेळेत न दिल्यास दोन दिवस, द्वंद्वयुद्ध केल्यास तीन आठवड्यांपर्यंत कोठडी. १९६५ च्या आगीतून वाचलेल्या खोलीत कैदी विद्यार्थ्यांनी भिंतीवर काढलेली चित्रे आणि लिहिलेला मजकूर अजून दिसतो. ज्यांनी हे खरडले त्यांच्यातले कितीतरी जण पुढे डॉक्टर, पाद्री, न्यायाधीश झाले असतील. भिंतीवर मात्र ते विशीतलेच आहेत.

इमारतीच्या मागून टोमे टेकडीचा चढ सुरू होतो. तार्तूत एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल तर तो इथे घालवावा. माथ्यावर लाल विटांच्या भव्य गॉथिक कॅथीड्रलचे अवशेष आहेत. त्याचे बांधकाम तेराव्या शतकात सुरू झाले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणा आणि युद्धांत ते उजाड झाले आणि १६२४ मध्ये उन्हाळ्यातील सेंट जॉनच्या रात्रीच्या शेकोटीने उरलेसुरले जळाले. पडक्या भिंतींचा हा सांगाडा पाडून टाकण्याऐवजी क्राउझने त्याच्या पूर्वेकडील भागात विद्यापीठाचे ग्रंथालय बसवले. जिथे गायकवृंद उभा राहत असे तिथे पुस्तकांच्या मांडण्या आल्या आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ग्रंथालय तिथेच होते. आता त्या जागी विद्यापीठाचे संग्रहालय आहे. पश्चिमेकडचा भाग छपराविना तसाच ठेवला आहे. त्या उघड्या भागात उभे राहिले की खालून वर विटांच्या कमानी, त्यांच्यापलीकडे आकाश आणि मागे काचेच्या खिडक्यांचे नीटनेटके दालन, असे दोन काळ एका भिंतीला पाठ लावून दिसतात. उन्हाळ्यात बुरुजांवर जाता येते.

टेकडीवरील वाटांवर दोन पूल आहेत, देवदूताचा आणि सैतानाचा. देवदूत पुलावर १८०२ नंतरचे पहिले कुलगुरू गेओर्ग फ्रीड्रिख पारोट यांचे उठावशिल्प आहे आणि लॅटिनमध्ये ‘विसाव्याने शक्ती परत येते’ या अर्थाचे वचन. पहिल्यांदा पूल ओलांडताना श्वास रोखून मनात इच्छा धरावी, असे म्हणतात. जवळच कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांचा बसलेला पुतळा आहे. सस्तन प्राण्याचे बीजांड त्यांनी १८२७ मध्ये शोधले. ते येथेच शिकले आणि येथेच वारले. दरवर्षी ३० एप्रिलच्या रात्री विद्यार्थी शिडी लावून पुतळ्याचे केस शॅम्पेनने धुतात. विद्वानाच्या पुतळ्याला वर्षातून एकदा हार घालण्यापेक्षा ही रीत मला अधिक आपुलकीची वाटते. प्राचीन बळीचा म्हणून दाखवला जाणारा एक दगडही इथे आहे. परीक्षा उरकली की त्याच्यावर वह्या जाळण्याचा प्रघात आहे.

टेकडीच्या कडेला १८१० मध्ये पूर्ण झालेली जुनी वेधशाळा आहे. १८२४ मध्ये म्युनिकच्या योझेफ फ्राउनहोफर यांनी घडवलेली दुर्बीण इथे आली. भिंगाचा व्यास सु. २४ सेंमी., आणि त्या वेळी जगात या प्रकारची इतकी मोठी दुर्बीण नव्हती. लांब लाकडी नळी पृथ्वीच्या आसाला समांतर अक्षावर तोललेली आहे आणि वजनावर चालणारे घड्याळयंत्र तिला ताऱ्यामागोमाग फिरवत असे. तिच्यावर फ्रीड्रिख गेओर्ग विल्हेल्म श्ट्रूव्हे यांनी तीन हजारांवर जोडताऱ्यांची यादी केली आणि अभिजित ताऱ्याचे अंतर मोजण्याचा प्रयत्न केला. याच श्ट्रूव्हेंनी पृथ्वीचा आकार ठरवण्यासाठी त्रिकोणांची साखळी आखली. नॉर्वेतील हामरफेस्टपासून काळ्या समुद्राजवळपर्यंत सु. २,८२० किमी. लांबीचे हे मापन १८१६ ते १८५५ असे चालले. आज ते १० देशांत पसरले असून त्यातील ३४ ठिकाणे २००५ मध्ये जागतिक वारशात आली. तार्तूची वेधशाळा त्यांपैकी एक.

या मोजणीचे एक भावंड आपल्याकडे आहे. भारतातील महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात विल्यम लॅम्बटन दक्षिणेकडून उत्तरेकडे असाच मध्यान्हवृत्ताचा, म्हणजे ध्रुवापासून ध्रुवापर्यंतच्या उत्तर-दक्षिण रेषेचा, कंस मोजत येत होते. काम विदर्भात असताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले आणि तिथेच त्यांना पुरले. श्ट्रूव्हेंचे त्रिकोण बर्फाळ रानांतून सरकत होते त्याच दशकांत लॅम्बटन व त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांचे त्रिकोण रणरणत्या उन्हातून. प्रश्न दोन्हीकडे एकच होता : पृथ्वी ध्रुवांशी किती चपटी आहे? हिंगणघाटच्या माणसाने तार्तूच्या वेधशाळेत उभे राहावे, तसे इथे कुणी परके नाही.

दुसरा धागा संस्कृतचा. तार्तूत जन्मलेले लेओपोल्ड फॉन श्रोडर हे येथे अध्यापन करत असताना १८८१ ते १८८६ या काळात मैत्रायणी संहितेची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. कृष्णयजुर्वेदाच्या या शाखेचे अनुयायी नाशिक-खानदेशात आजही आहेत. सोव्हिएत काळात यूरी लोट्मन यांच्या चिन्हमीमांसेच्या, म्हणजे चिन्हांतून अर्थ कसा घडतो याच्या अभ्यासाच्या, संप्रदायाने हेच गाव जगातील अभ्यासकांच्या नकाशावर ठेवले. विद्यापीठाच्या सध्याच्या ग्रंथालयासमोर त्यांचे कारंजे-शिल्प आहे.

गावात खाली उतरल्यावर सेंट जॉनचे चर्च चुकवू नये. चौदाव्या शतकातील या विटांच्या चर्चवर भाजलेल्या मातीची शेकडो शिल्पे आहेत, आणि साचा एकच नसून चेहरे निरनिराळे आहेत. मान उंच करून कोनाड्यांतले ते चेहरे एकेक करून पाहावेत. कुणी मुकुटधारी, कुणी साधा. १९४४ मध्ये चर्च जळाले, अनेक दशके छपराविना राहिले आणि २००५ मध्ये पुन्हा उघडले.

नदीच्या वरच्या अंगाला सूपिलिन ही लाकडी घरांची वस्ती आहे. नावाचा अर्थ ‘सूपनगर’, कारण येथील गल्ल्यांना वाटाणा, घेवडा, बटाटा अशी नावे आहेत. रंग उडालेली फळ्यांची घरे, मागच्या वाफ्यात भाज्या, सरपणाची रास : तार्तूचे कष्टकरी रूप इथे दिसते.

शहराच्या ईशान्य कडेला रादी येथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा संग्रह रादीच्या जमीनदारी वाड्यात होता. १९४४ मध्ये वाडा उद्ध्वस्त झाला आणि शेजारच्या जमिनीवर सोव्हिएत बाँबफेकी विमानांचा तळ चालला. त्यामुळे परदेशी पाहुण्याला तार्तूत रात्रीचा मुक्कामही करता येत नसे. २०१६ मध्ये त्याच धावपट्टीच्या टोकातून उगवल्यासारखी ३५५ मी. लांब काचेची इमारत उभी राहिली. तिचे छप्पर धावपट्टीच्या रेषेतच वर चढत जाते. तिकीट फलकाला टेकवले की मजकूर निवडलेल्या भाषेत बदलतो.

टॅलिनहून आगगाडी किंवा बसने दोन ते अडीच तास लागतात. राष्ट्रीय संग्रहालय सोडले तर वरील सारे पायी होते. दगडी फरसबंदीसाठी जाड तळव्यांची पादत्राणे हवीत. जूनमध्ये दिवस सु. १८ तासांचा असतो आणि रात्री दहालाही टेकडीवर वाचण्याइतका उजेड राहतो. डिसेंबरात तोच दिवस साडेसहा तासांच्या आसपास येतो, बुरुज बंद असतात, आणि विटांच्या पडक्या कमानींवर बर्फ साचतो.